पेला का फुटतो

पूर्वी शोणा नदीच्या काठी घटवती नावाचे नगर होते. धृतवर्मा नावाचा राजा तिथे राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच्या अमात्याच्या घरी जन्म घेतला, आणि वडिलांच्या मागे तो स्वतः अमात्य झाला. त्याला एक सवय होती. कुणी काही खात्रीने सांगितले की तो "असं?" म्हणायचा आणि ते कसे घडते हे पाहायला स्वतः जायचा. दरबारातले लोक त्यावरून त्याची थट्टा करीत. तोही हसायचा, आणि पुन्हा "असं?" म्हणायचा.

घटवती हे कुंभारांचे नगर होते. तिथे वाजवून पाहिल्याशिवाय कुणी मडके घेत नसे. बोटाच्या पेराने हलकेच ठोकायचे, कान लावायचा, आवाज खणखणीत आला तर घ्यायचे. तिथली मुले नीट बोलू लागण्याआधी ठोकायला शिकत. ती दारे ठोकत, भोपळे ठोकत, एकमेकांची डोकी ठोकून कान लावत.

नगरातल्या माणसांचा रंग भट्टीतून निघालेल्या काळ्या घटासारखा होता, गडद आणि तुकतुकीत. त्याचा त्यांना अभिमान होता. ते म्हणत, विधात्याने माणसे मातीची घडवली आणि भट्टीत लावली. आमची भाजणी पुरी झाली. उत्तरेच्या डोंगरातल्या लोकांना मात्र त्याने घाईत बाहेर काढले. म्हणून ते तसे फिकट, कणकेच्या गोळ्यासारखे, आणि डोळे पाण्याच्या रंगाचे. नगरात त्या डोंगरी लोकांना 'कच्चे' म्हणत.

हे लोक थंडीत मध आणि लोकर घेऊन खाली येत, भट्ट्यांना लाकूडफाटा पुरवीत, आणि पावसाळा सरला की आपल्या डोंगरात परत जात. काही इथेच राहत. त्यांना कुणी मारीत नसे, हाकलीत नसे. दारी आले तर बसायला सांगत, पाणी देत. फक्त एक होते. कच्च्या माणसाने ज्या पेल्यातून पाणी प्यायले तो पेला नंतर फोडून टाकायचा. कच्ची माती पाण्यात विरघळते, तसे कच्च्या माणसाने ओठ लावलेले भांडे आतून विरते, आणि त्यातून पुढे जो पिईल त्याचे पोट विरते, असा त्यांचा समज होता. त्यासाठी प्रत्येक घराच्या उंबऱ्याबाहेर एक दगड असे. पाहुण्याचे पिऊन झाले की पेला त्यावर आपटला जाई, आणि संध्याकाळी खापऱ्या झाडल्या जात.

तुम्ही त्यांचा तिरस्कार करता का, असे कुणी विचारले असते तर घटवतीच्या लोकांना नवल वाटले असते. ते म्हणाले असते, "तिरस्कार? आम्ही तर त्यांना नेहमी कोऱ्या पेल्यात पाणी देतो."

एका वर्षी नगरात तापाची साथ आली. त्याच वर्षी राणी बाळंत झाली आणि गेली. मूल जगले. त्याचे नाव पद्मक ठेवले. पण शेळीचे दूध त्याला पचेना, आणि अंगावर पाजणाऱ्या बाया घरोघरी तापाने पडलेल्या. बोधिसत्त्वाने शोध केला तेव्हा त्याला दिरुमा सापडली. ती भट्ट्यांना लाकडे वाहणारी डोंगरी बाई होती. तिचे स्वतःचे मूल त्याच तापात नुकतेच गेले होते. दूध मात्र थांबले नव्हते.

राजवाड्यात वसुला नावाची वृद्ध दासी होती. राजाला तिनेच लहानाचे मोठे केले होते, म्हणून राजा तिला वसुलाआई म्हणत असे. ती दारात आडवी उभी राहिली.

"कच्चीचं दूध? राजाच्या मुलाला?"

राजा म्हणाला, "वसुलाआई, त्याला आता रडायचंही बळ राहिलं नाही. बाजूला हो."

वसुला बाजूला झाली. मुलाने ते दूध घेतले. ते कुणाचे हे त्याला कळण्याचे वय नव्हते. दिरुमाला इतकेच कळले की आपल्या हातांना पुन्हा काम आले.

नदीकाठच्या बागेतल्या घरात तिने मुलाला वाढवले. तो चालू लागला, दूध सुटले, तेव्हा प्रथेप्रमाणे त्याला राजवाड्यात आणले. राजा कृतघ्न नव्हता. त्याने दिरुमाला ते घर कायमचे दिले, आणि दर पौर्णिमेला तिने मुलाला भेटायला यावे असे सांगितले. एवढेच नव्हे, तर वाड्यात 'कच्चे' हा शब्द कुणी उच्चारला तर त्याला नगराबाहेर काढण्यात येईल, अशी आज्ञाही केली. त्या दिवसापासून तो शब्द वाड्यात कुणी ऐकला नाही.

सुरुवातीला पद्मक तिला पाहून धावत यायचा. मग तो चालत येऊ लागला. मग एका पौर्णिमेला तो खांबाआड उभा राहून नुसता पाहत राहिला. आणि पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या एका पौर्णिमेला, दिरुमाने हात पुढे केले तेव्हा तो किंचाळला.

"नको! हात नको लावू! वसुलाआजी, तिला सांग हात नको लावू!"

तो वसुलाच्या पाठीमागे लपला. दिरुमाने हात खाली घेतले. तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला होता, तो तिने रीतीप्रमाणे रिकामा केला. मग ती राजाला म्हणाली, "महाराज, पाऊस संपला की आमची माणसं वर जातात. मीपण जाईन म्हणते. इथं माझं एकच काम होतं, ते झालं."

मग तिने मुलाकडे पाहिले.

"जायच्या आधी एकदा त्याला माझ्या हातानं पाणी पाजता आलं तर बरं वाटेल. नाही जमलं तर राहू दे. रडवून नको."

ती गेली. तिच्यामागे उंबऱ्याबाहेर पेला फुटल्याचा आवाज झाला. नेहमीचाच होता. कुणी तिकडे पाहिले नाही.

राजा संतापला होता. त्याने बोधिसत्त्वाला बोलावले. "माझ्या मुलाच्या कानात कुणीतरी विष ओततंय. मी शब्द बंद केला, तरी कुणीतरी चोरून शिकवतंय. मला ते तोंड हवंय, अमात्य. वसुलाआईचं असलं तरी."

"असं?" बोधिसत्त्व म्हणाला. मग म्हणाला, "शिकवणारा सापडेल, महाराज. पण तो सापडेपर्यंत कुणाला शिक्षा नको. पाऊस संपेपर्यंत मला वेळ द्या."

तो आधी वसुलाकडे गेला. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"आलात? या. माझं तोंड बघायला आलात ना? बघा. दात चार उरलेत, त्यातला एक हलतोय."

"वसुलाआई, तू मुलाला दिरुमाबद्दल काय सांगितलंस?"

"काही नाही. माझ्या मनात काय आहे ते मी लपवत नाही, मला ती आवडत नाही. पण राजाची आज्ञा म्हणजे आज्ञा. मुलासमोर मी तिचं नावसुद्धा काढत नाही. तो विचारतो, ती कधी येणार, तेव्हा मी म्हणते, येईल चंद्र भरला की. झालं."

"तो विचारतो? ती कधी येणार म्हणून?"

"रोज विचारतो. आणि आली की पळतो. लेकराच्या डोक्यात काय चाललंय, देव जाणे."

बोधिसत्त्वाला हे नवे होते. ज्याचा तिरस्कार आहे त्याची कुणी रोज वाट पाहत नाही. त्याने स्वयंपाकघरात विचारले, माळ्यांना विचारले, पहारेकऱ्यांना विचारले. सगळे शपथेवर सांगत होते की मुलापुढे कुणी वावगे बोलले नाही, आणि ते खरे बोलत होते.

तेव्हा त्याने राजवाडा सोडला आणि नदीच्या उतारावर जाऊन बसू लागला. तिथे एक म्हातारी डोंगरी बाई सुकवलेली बोरे विकायची. आयांबरोबर आलेल्या मुलांना ती एकेक बोर फुकट देई. बोधिसत्त्व शेजारी बसून पाहत राही. कडेवरची तान्ही मुले बोर तर घेतच, म्हातारीचे बोटही तोंडात घालत. नुकतीच चालू लागलेली मुले हात पुढे करीत, मग मध्येच थांबून आधी आईच्या तोंडाकडे बघत. आई काही बोलत नसे. पण मुलाच्या खांद्यावरचा तिचा हात जरासा घट्ट होई, आणि मूल आपला हात मागे घेई. त्याहून मोठी मुले म्हातारीजवळ फिरकतच नसत.

एका आईला त्याने विचारले, "बाई, तुम्ही त्याला आत्ता काय खूण केलीत?"

"मी? काहीच नाही हो." तिने खांद्यावरचा हात पाहिला आणि उचलला. "हा असाच होता."

तिची थोरली मुलगी बाजूला उभी होती. बोधिसत्त्वाने तिला विचारले, "तू का नाही घेतलंस बोर? गोड आहेत."

"ती फोडते."

"काय फोडते?"

"पेला. ती प्यायली की पेला फुटतो."

"तू पाहिलंस फुटताना?"

"बघायचं कशाला? आवाज येतो की."

आई हसली. "वेडाबाई! अहो, काहीतरीच बडबडते." बोधिसत्त्व हसला नाही. तो उठला आणि थेट राजवाड्यात आला.

पद्मक अंगणात मातीचे बैल मांडून बसला होता. बोधिसत्त्व त्याच्याजवळ जमिनीवर बसला. त्याने एक बैल उचलला, ठोकून कानाशी धरला आणि विचारले, "हा पक्का आहे का रे?"

"तो पक्का. हा बघ, हा जरा बद्द वाजतो."

"बाळराजा, दिरुमा आली की तू का लपतोस?"

मुलाने इकडेतिकडे पाहिले. मग तो कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मी फुटेन."

"कसा?"

"ती पेल्याला हात लावते ना, मग पेला फुटतो. दर वेळी फुटतो. मी मोजलेत. एकपण वाचला नाही." "आधी मी तिच्या मांडीवर बसायचो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"पण पेला फुटल्यावर कुणी दचकतं का?"

"नाही. म्हणजे तो फुटायचाच असतो. सगळ्यांना माहीतच आहे."

पेला नेहमी उंबऱ्याबाहेर फुटत असे. मूल आत असे. पाहुणीने पाणी प्यायले आणि थोड्या वेळाने फुटल्याचा आवाज आला, एवढेच त्याच्या वाट्याला येई. मधला हात त्याने कधी पाहिला नव्हता. जे पाहिले, ऐकले, त्यावरून त्याने आपल्या बुद्धीने नीट अर्थ लावला होता. त्या अर्थात खोट काढता येत नव्हती.

बोधिसत्त्वाने हे राजाला सांगितले. राजाने विचारले,

"मग शिकवणारा कोण?"

"उंबऱ्याबाहेरचा दगड, महाराज. आणि रोज त्याच्यापाशी वाकणारे आपण. तुमच्या आज्ञेनं तोंडं बंद झाली. हात चालूच राहिले. मुलं हातांकडून शिकतात."

राजाने पद्मकला बोलावून जवळ बसवले. वसुलाही दारात येऊन उभी राहिली.

"बाळ, पेला आपोआप फुटत नाही. आम्ही फोडतो."

"का?"

राजा म्हणाला, "तो खराब होतो म्हणून."

"मग धुवायचा."

वसुला म्हणाली, "ते धुऊन जात नाही, बाळराजा."

"काय जात नाही?"

वसुलाने राजाकडे पाहिले. राजाने सीमेवरचे तंटे सोडवले होते, मोठमोठ्या पंडितांना प्रश्नात पकडले होते. पण मुलगा तोंडाकडे बघत होता आणि त्याला उत्तर सापडत नव्हते.

नंतर बोधिसत्त्व जायला निघाला तेव्हा ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या वसुलाने त्याला थांबवले.

"अमात्य, तुम्हाला वाटत असेल म्हातारी हट्टी आहे. माझाही एक मुलगा होता. मी तेव्हा तरणी होते, आळशी होते. एक डोंगरी मधवाला आला, पाणी प्यायला. माझ्याकडे तो एकच बरा पेला होता. फोडायचं जिवावर आलं. मी तो घासून, धुऊन फळीवर ठेवला. त्याच थंडीत पोराला पोटाचा आजार झाला. त्या पेल्यातूनच तो पाणी प्यायचा."

बोधिसत्त्व तिच्याशेजारी बसला. त्याने विचारले, "त्या थंडीत नगरात आणखी कुणाकडे तो आजार होता?"

"होता की. घरोघरी होता."

"त्या सगळ्यांनी पेले धुतले होते?"

तिच्या मांडीवरचे सूप हलायचे थांबले.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "आमच्या शेजारच्या घरात तर कधी कुणी डोंगरी आलाच नव्हता. त्यांची दोन गेली." मग तिने मान वर केली. "मग माझा कशानं गेला?"

"ते मला माहीत नाही, वसुलाआई."

"तुम्ही सगळं शोधून काढता. हे शोधून काढा."

"हे सापडणार नाही."

वसुलाने सूप बाजूला ठेवले. इतकी वर्षे तिच्याजवळ त्या मरणाचे एक कारण होते. ते वाईट होते, पण हातात धरायला होते. आता तेही राहिले नाही. बोधिसत्त्व तिच्याजवळ तसाच बसून राहिला. तिने ऊठ म्हटले नाही, म्हणून तो उठला नाही.

पुढच्या पौर्णिमेला राजाने सांगून ठेवले होते की आज पेला फोडायचा नाही. दिरुमा आली. पद्मक खांबाआड कानात बोटे घालून उभा राहिला. तिने पाणी प्यायले. राजा बोलत होता, बोधिसत्त्व बोलत होता, आणि सगळ्यांचे लक्ष मुलाकडे होते. वसुला उठली, रिकामा पेला उचलला, उंबऱ्याबाहेर गेली, आणि पेला फुटल्याचा आवाज झाला.

ती परत आली तेव्हा सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने आपल्या हाताकडे पाहिले.

"अग्गंबाई!" ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली. "महाराज, मी नाही फोडला. म्हणजे फोडला. पण मला फोडायचा नव्हता. हातानं ऐकलंच नाही हो माझं."

दिरुमा हसली. वाड्यात तिला हसताना कुणी पाहिले नव्हते. "असू द्या आजी. मलाही ऐकायची इतकी सवय झालीय. फुटला नसता तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं."

पण खांबाआडचे मूल हुंदके देत होते. बाबांनी सांगितले होते की पेला आपोआप फुटत नाही, आज कुणी फोडणारही नाही. तरी तो फुटला होता.

आश्विन आला. पाऊस संपला. डोंगरी लोकांनी आपल्या खेचरांवर मीठ आणि मडकी लादली. त्यांचा तांडा दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. दिरुमा शेवटची भेट घ्यायला आली तेव्हा वाड्याच्या उंबऱ्याबाहेर दगडाच्या जागी ओल्या मातीचा खड्डा होता. वसुलाने माळ्याला बोलावून तो दगड सकाळीच काढायला लावला होता. "माझ्या हाताचा भरवसा नाही," ती म्हणाली. "दगडच नको."

दिरुमापुढे पेला ठेवला. ती अर्धे पाणी प्यायली. तेवढ्यात राजा आसनावरून उतरला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे करून म्हणाला, "दे."

तिला कळेना. राजाने तिच्या हातून पेला घेतला आणि उरलेले पाणी पिऊन टाकले.

वसुलाने पदर तोंडावर दाबला. खांबाआड पद्मक कानात बोटे घालून, डोळे मिटून, तो आवाज व्हायची वाट पाहत होता. आवाज झाला नाही. त्याने एक डोळा उघडला. पेला बाबांच्या हातात होता, अख्खा. आणि बाबा उभे होते.

तो हळूहळू बाहेर आला. त्याने बापाला वाकायची खूण केली. राजा गुडघ्यांवर बसला. मुलाने बोटाच्या पेराने त्याच्या छातीवर ठोकले, आणि कान लावला.

"कसा वाजतोय?" राजाने विचारले.

"थांबा ना. बोलू नका." त्याने पुन्हा ठोकले, पुन्हा ऐकले. "पक्का आहे."

मग तो दिरुमाकडे वळला. हाताच्या अंतरावर थांबून त्याने तिच्या गुडघ्यावर एकदा ठोकले आणि झटकन मागे सरला. काही झाले नाही. त्याने आपल्या बोटाकडे पाहिले. बोट जागेवर होते. तो पुन्हा पुढे आला आणि या वेळी त्याने तिच्या छातीवर ठोकून कान लावला. दिरुमाने हात मांडीवरच ठेवले होते. ते तिने हलवले नाहीत.

मूल तिथून कान काढीना. त्याच्या आयुष्याची पहिली दोन वर्षे ते त्याच आवाजाशेजारी झोपले होते. ते त्याला आठवले की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. इतकेच झाले की त्याचे खांदे, जे पावसाळाभर वर चढलेले होते, ते खाली आले.

"मला पण पाणी," तो म्हणाला.

वसुलाच उठली. कोनाड्यात कोऱ्या पेल्यांची उतरंड होती. तिकडे तिचा हात गेला, थांबला, आणि मागे आला. राजाच्या हातातला तोच पेला घेऊन तिने तो भरला आणि दिरुमाच्या हातात दिला. दिरुमाने तो मुलाच्या ओठांना लावला. तो घटाघटा प्यायला. रिकामा पेला त्याने दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून पाहिला, ठोकून कानाशी नेला.

त्याने पेला तिच्यापुढे धरला.

"अजून."

दिरुमा ठरल्याप्रमाणे तांड्याबरोबर गेली, कारण डोंगरात तिची आई होती. थंडी पडताच ती परत आली, आणि पुढे दरवर्षी येत राहिली.

राजाला वाटत होते की आता नगरभर आज्ञा काढावी आणि एकूणएक दगड उपटून टाकावेत. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, आज्ञा निघाली तर लोक परसदारी फोडतील. मुलांना आवाज तिथूनही येईल. तुम्ही दगड काढलात हे सगळ्यांनी पाहिलं. आता तुमचं पोट दुखतं का, तेही त्यांना बघू द्या. आणि जे विचारायला येतील त्यांना घरात घ्या."

लोक विचारायला येत राहिले. काहीजण मुलांना घेऊन येत, आणि मुले राजाला वाजवून बघायची परवानगी मागत. राजा ती देत असे. कुंभार मात्र तक्रार घेऊन आले, की पेलेच फुटले नाहीत तर आम्ही घडवायचे काय? मग त्यांनीच जाड काठाचे, नक्षीचे, वर्षानुवर्षे टिकतील असे पेले घडवायला घेतले, आणि ते लोकांना आवडले. एकेका दारचा दगड जात गेला. काही दारांशी तो राहिला, आणि त्या घरांतून पेला फुटल्याचा आवाज पुढेही येत राहिला. पण आता तो आवाज झाला की रस्त्यावरची मुले थांबून विचारत, "काय फुटलं?" मोठ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागे, आणि ते देता देता पुष्कळांचे हात थांबले.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारात सांगितली ती एका प्रसंगावरून. सुलोम नावाचा एक गोरा, मोठ्या कुळातला तरुण भिक्खू होता. दूरच्या दक्षिण बेटावरून तुवर नावाचा एक काळासावळा भिक्खू विहारात आला, आणि त्याने सगळ्यांच्या पाण्याच्या घड्यातून ओंजळभर पाणी घेतले. सुलोमाने त्यानंतर नकळत शेजारचा आपला घडा उचलून दुसरीकडे ठेवला. ते पाहून विहारातले ज्येष्ठ थेर रागावले आणि त्याविरुद्ध कडक नियम करायला निघाले. सुलोम मान खाली घालून म्हणाला, "भन्ते, माझ्या मनात काही नव्हतं. मला असं कुणी शिकवलेलंही नाही. आपोआपच झालं." तेव्हा शास्ता "असं?" म्हणाला, आणि त्याने घटवतीची ही कथा सांगितली.

कथा संपवून शास्त्याने जन्मांची जोड दाखवली. "तेव्हाचा राजा धृतवर्मा म्हणजे हे नियम करायला निघालेले थेर. तेव्हाची वसुला म्हणजे ही दारापाशी बसलेली वृद्ध उपासिका, जी कथा ऐकायला रोज येते आणि काही विचारत नाही. अमात्य मीच होतो. खांबाआड लपलेला पद्मक म्हणजे, सुलोमा, तू."

सुलोमाने विचारले, "आणि दिरुमा, भन्ते?"

शास्त्याने तुवराकडे पाहिले. तो एका कोपऱ्यात बसला होता.

सुलोम उठला. त्याने दुसरीकडे ठेवलेला घडा उचलून आणला, तुवराच्या पुढ्यात ठेवला, आणि त्याच्यासमोर बसून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तुवराने घडा वाकवला.

जिच्यामुळे हे घडते त्या मैत्रीच्या पूर्णतेला मैत्री-पारमिता म्हणतात.